ऋतिकाचा सत्कार

देवरूखजवळच्या त्या गावात ऋतिका सकाळी रस्त्यावर चालण्याच्या शर्यतीचा सराव करायची, तेव्हा नाक्यावर बसलेले अनंतशेठ दात काढायचे. "काय गो, अशी कंबर हलवत चालायची पण शर्यत असते? मग आमची म्हैस रोज पहिली येईल!"

रत्नागिरीच्या जिल्हा स्पर्धेत ती शेवटच्या फेरीपर्यंत सगळ्यांच्या पुढे होती. मागून कुणीतरी जवळ आल्याची चाहूल लागली, तिनं वेग वाढवला आणि पंचांनी तिला तिसरं लाल कार्ड दाखवलं. या शर्यतीत एक तरी पाय कायम जमिनीवर असावा लागतो. तिचे दोन्ही सुटत होते. ती बाद झाली. भाट्याच्या पुलाच्या कठड्याला टेकून पोटभर रडली आणि तोंड धुऊन एसटीत बसली.

गावात उतरली तर समोर ढोल, आणि अनंतशेठांच्या फोटोचा भला मोठा बॅनर. ती पुढे आहे एवढंच कुणीतरी फोनवर कळवलं होतं, आणि शेठांची निवडणूक तोंडावर आली होती. शेठ हार घेऊन आले तशी ती मागे सरली.

"शेठ, मी जिंकले नाही. मला बाद केलं."

"बाद? का म्हणून?"

"चालायचं सोडून धावले म्हणून."

शेठांनी एकदा बॅनरकडे पाहिलं. मग हार तिच्या गळ्यात कोंबून त्यांनी माईक हातात घेतला.



"मंडळी, बाकीच्या सगळ्या नुसत्या चालत होत्या. धावली ती आपल्या गावची एकटी पोर!"