एका तासाची पाहुणी

"या मॅडम, आपलं स्वागत आहे. प्रवास कसा झाला?"

मर्लिनानं पाठ केलेलं वाक्य म्हटलं, मान वर केली आणि तिचं हसू अर्ध्यावरच अडकलं. टेबलापलीकडे तिची आई उभी होती. टेकडीवरच्या हॉटेलातून तशीच आलेली. अंगात निळा युनिफॉर्म, हातात पिशवी.

आई, म्हणजे इव्हारिस्ता, शाळेत आली होती ती मुलीचं नाव या वर्गातून काढायला. सुफ्रिएर या समुद्राकाठच्या गावातल्या शाळेत शेवटच्या वर्षाच्या मुलांना हॉटेलचं काम शिकवत. वऱ्हांड्यात रिसेप्शनचं टेबल, आत एकच खोली, पलंग घातलेली. वर्गाची शिक्षिका मिस ऑगुस्तनं तिचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बोलू आपण. पण आज परीक्षा आहे, आणि मर्लिनाची पाहुणी व्हायला येणाऱ्या बाई आजारी पडल्यात. एक तास तुम्ही पाहुण्या व्हा. मग म्हणाल तसं करू."

"प्रवास?" इव्हारिस्ता म्हणाली. "टेकडी उतरून चालत आले. तुला ठाऊक नाही?"

मागे रांगेत उभ्या असलेल्या मुली फिसकन हसल्या. भिंतीशी बसलेले परीक्षक, मिस्टर फेलिसियन, हसले नाहीत. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं.

"दमला असाल. पिशवी द्या माझ्याकडे."

"मी कधीपासून 'तुम्ही' झाले गं?"

पण मर्लिनाचा हात पुढेच राहिला. शेवटी आईनं पिशवी सोडली.

खोलीत शिरताच इव्हारिस्ताची नजर पलंगावर गेली. ती वाकली, चादरीचा कोपरा ओढला, तळव्यानं सुरकुती मोडली.

"राहू द्या मॅडम. ते माझं काम आहे."

आई ताठ झाली.

"हेच! हेच सांगायला आलेय मी तुझ्या मिसला. लोकांच्या चादरी ओढून माझी कंबर गेली, ती काय तूही चादरी ओढाव्यास म्हणून? नर्स हो, बँकेत जा. शाळेत घातलं ते बादली उचलायला नाही."

दारात येऊन उभे राहिलेल्या फेलिसियनांचं पेन थांबलं. मर्लिनाची कानशिलं तापली. घरी असती तर तिनं तोंड सोडलं असतं, दार आपटलं असतं. इथे तिनं खुर्ची उचलून खिडकीपाशी ठेवली.

"बसा मॅडम. काय आणू आपल्यासाठी?"

हा प्रश्न इव्हारिस्ता रोज कुणाकुणाच्या दारात उभी राहून विचारायची. अशा खोलीत तिला तो कुणी विचारला नव्हता. ती खुर्चीच्या कडेवर टेकली.

"काय मिळतं?"

"तुम्हाला हवं ते."

"कोकोचा चहा," ती हळूच म्हणाली. "जायफळ जरा जास्त."

मर्लिना ट्रेमधून कप घेऊन आली, खाली बशी, बाजूला घडी घातलेला रुमाल. इव्हारिस्ता समुद्राकडे बघत सावकाश प्याली. टेकडीवरच्या हॉटेलचे पांढरे सज्जे खिडकीतून दिसत होते.

"इथून केवढंसं दिसतं," ती म्हणाली. आणि मग, "खरं सांग. हे शिकून तू होणार कोण?"

मर्लिनानं दाराकडे पाहिलं. परीक्षक तिथेच होते. तिनं 'तुम्ही' सोडलं.

"आई, तुझ्या ड्यूट्या कोण लावतं?"

"ती मॅनेजर बाई. परदेशातून आलेली."

"आणि तिच्या आधी?"

"तीही तिकडचीच. का?"

"मला ती व्हायचंय. पण इथली. चादर घालताना कंबर कुठे दुखते ते माहीत असलेली."

इव्हारिस्तानं कप बशीत ठेवला. मग डोळे बारीक करून म्हणाली,

"मला रविवारी सुट्टी देशील?"

"दर रविवारी."

"दर रविवारी नको. बाकीच्या बायकांनाही चर्चला जायचं असतं. पाळी लाव."

"लावते."

दोघी हसल्या. फेलिसियनांनी कागदाकडे पाहिलं आणि ते वऱ्हांड्यात जाऊन बसले.

मर्लिना कप विसळून परत आली, तेव्हा आईनं बूट काढून पलंगाखाली नीट जोडून ठेवले होते. ती चादरीवरच आडवी झाली होती, हात गालाखाली. तिला गाढ झोप लागली होती.

मर्लिना क्षणभर तशीच उभी राहिली. मग तिनं पडदा ओढला, पावलांचा आवाज न करता बाहेर आली आणि दार लोटून घेतलं.

"वेळ संपला," फेलिसियन म्हणाले. "पुढच्या मुलीचे पाहुणे येऊन बसलेत. उठव त्यांना. तुझी आईच आहे ना?"

"हो सर. पण आत्ता त्या पाहुण्या आहेत."

भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली पाटी तिनं काढली आणि दाराच्या मुठीला अडकवली. 'कृपया त्रास देऊ नये.' मग ती दाराला पाठ लावून उभी राहिली.

मिस ऑगुस्तनं परीक्षकांकडे पाहिलं.

मिस्टर फेलिसियन उठले. त्यांनी आपली खुर्ची दोन्ही हातांनी उचलली, फरशीवर जराही घासू न देता, आणि वऱ्हांड्याच्या पार दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवली.