टर्की मऊ राहावी म्हणून

नाताळाला परदेशी साहेब चाकणच्या कंपनीत जेवणार होते. रोज नऊशे कामगारांचं रांधणाऱ्या कुसुमताईंनी कँटीनच्या ओव्हनमध्ये टर्की लावली. ती कोरडी पडू नये म्हणून वर तीन मॅनेजर मीटिंगला बसले. एक म्हणाला, कातडीखाली लोणी भरू. दुसरा म्हणाला, आधी मिठाच्या पाण्यात बुडवू. तिसऱ्याने पडद्यावर आलेखच लावला.

कुसुमताई तीनदा दारात येऊन गेल्या. "साहेब, पाखरू शिजलं. काढू का?"

"थांबा हो ताई, अजून पद्धत फायनल व्हायचीय."

पद्धत ठरली तोवर टर्कीचा पार कोळसा झाला होता. लगेच दुसरी मीटिंग बसली आणि अहवालही निघाला. टर्की जळण्याचं कारण: कुसुमताई. उपाय: तीन दिवसांचं ट्रेनिंग. शिकवणार: वरील तिघे.