किती मूर्ती?

सकाळी मोरेश्वर उठला, तेव्हा शेजारी दगडूची वळकटी नव्हती.

आदल्या संध्याकाळी तो दगडूवर नको तेवढा भडकला होता. "तुझ्या गुडघ्यापायी माझी परिक्रमा रखडतेय. उद्यापासून तू तुझा चाल, मी माझा!" चाळीस वर्षांची मैत्री असलेला दगडू नुसता गुडघा चोळत राहिला होता. गेला असणार घरी निघून. जाऊ दे!

ऊन चढेपर्यंत तो घाटावरच बसून राहिला, मग निघाला. उजव्या हाताला नर्मदा होती, डाव्या हाताला कोणीच नव्हतं. गुराख्यांनी "नर्मदे हर!" म्हटलं, की उत्तरात त्याचा एकट्याचाच आवाज उठायचा. दोन महिन्यांत पहिल्यांदाच त्याला हवं तसं झपाझप चालता येत होतं, आणि तो मात्र सारखा मागे वळून बघत होता.

दिवस कलताना ठरलेल्या मुक्कामाचा आश्रम आला. परिक्रमेत माणसं मोजत नाहीत, मूर्ती मोजतात. शिधा देणाऱ्या माताजींनी विचारलं, "किती मूर्ती?"

त्याने झोळी खाली ठेवली. "एकच."

"तुम्ही मोरेश्वर ना?" माताजींनी पिठाचा डबा पुन्हा झाकला. "तुमचा शिधा केव्हाच नेलाय. ते लंगडणारे बाबाजी आज अंधारातच निघाले होते म्हणे, मित्राचा खोळंबा नको म्हणून. दोन मूर्ती सांगून गेलेत."

मागच्या अंगणात दगडू सुजलेला पाय पसरून चुलीवर टिक्कड भाजत होता. त्याने मान वर केली.

"किती रे उशीर!"