खिळ्यावरचा नान

बिल्डरच्या माणसाची पांढरी गाडी सोलिहा-ओपाच्या दारातून हलली, तेव्हा शेजारचा तुर्गुन-अका चहाचा पियाला हातात धरून आपल्या फाटकाच्या फटीतून बघत होता. पाऊण तास गाडी तिथं उभी होती. त्याने घड्याळ लावून मोजलं होतं.

"पाऊण तास!" तो बायकोला म्हणाला. "पाऊण तास काय दोघं बसून टरबुजं निवडत होती? भाव ठरला तिचा. सांगून ठेवतो, भाव ठरला."

ताश्कंदमध्ये त्या वर्षी भावाशिवाय दुसरं कुणी बोलतच नव्हतं. जुन्या गल्ल्या पडत होत्या, क्रेन उभ्या राहत होत्या. खाली दुकानं, वर घरं. वसंतात जो दर होता तो कापसाच्या वेचणीपर्यंत दीडपट झाला. या गल्लीत नऊ घरं. नऊच्या नऊ सह्या मिळाल्या तरच बिल्डर जागा घेणार, नाहीतर शुक्रवारनंतर तो पलीकडच्या गल्लीत जाणार. आठ सह्या झाल्या होत्या. अडली होती ती सोलिहा-ओपाची. आणि चहाखान्यात जो तो सांगत होता की, शेवटी सही करणाऱ्याचीच चांदी असते.

तुर्गुन-अकाचा जीव टांगणीला लागला होता. त्याचा मुलगा, सून गुलहायो आणि दोन नातवंडं एकाच खोलीत राहत होती. तिसरं वाटेवर होतं. मोठ्या रस्त्यावरच्या नव्या इमारतीत त्यांच्यासाठी तीन खोल्यांचं घर राखून ठेवलं होतं, तेही शुक्रवारपर्यंतच. ही बाई अशीच अडून बसली तर ते घर गेलं. पुढच्या वर्षी त्या भावात कोंबड्यांचं खुराडंसुद्धा मिळालं नसतं.

आणि अडायचं कारण काय, तर एक नान! आठ वर्षांपूर्वी सोलिहा-ओपाचा एकुलता एक मुलगा जावलोन कामासाठी रशियाला गेला. निघताना त्याने रीतीप्रमाणे नानचा एक चावा घेतला आणि उरलेला नान आईने भिंतीवर खिळ्याला टांगला. जाणाऱ्याने परत यायचं आणि तो संपवायचा. "घर पाडल्यावर माझा पोरगा कुठल्या दारात येऊन नान मागेल?" असं ती प्रत्येकाला विचारायची. विचारलं की लोक खाली बघायचे. तुर्गुन-अका काही खाली बघणाऱ्यातला नव्हता. त्याला यात पाणी मुरताना दिसत होतं.

त्यात काल त्याने गुलहायोला डोळे पुसत सोलिहा-ओपाच्या दारातून बाहेर पडताना पाहिलं. विचारलं तर म्हणे, पीठ फुगवायला खमीर आणायला गेले होते. हातात तर वाटीसुद्धा नव्हती. म्हणजे घरची सूनही फितूर! तुर्गुन-अकाने टोपी डोक्यावर दाबली आणि तो तडक सोलिहा-ओपाच्या अंगणात शिरला.

ओसरीवर गोधड्यांची गाठोडी बांधलेली होती. घ्या, तयारीसुद्धा झाली, तो मनात म्हणाला.

"या, तुर्गुन-अका," सोलिहा-ओपा म्हणाली. मान द्यायच्या पाहुण्याला देतात तसा तिने पियाल्यात अर्धाच चहा ओतला. त्याला त्या मानाचाही संशय आला.

"चहा राहू दे. किती मिळाले ते सांगा."

तिने पियाला त्याच्यापुढे सरकवला. त्याची नजर उघड्या खोलीतल्या भिंतीकडे गेली. नान होता जागेवर. तो आत गेला आणि त्याने नानला हात लावला. बोट आत रुतलं. वरचे तीळ चकाकत होते.

"वा! आठ वर्षांचा नान म्हणे! अहो, हा तर कालचा आहे!"

"आज सकाळचा," ती ओसरीवरून म्हणाली.

तुर्गुन-अकाचा तोल सुटला. अहोजाहो गेलं. "सोलिहा, जरा तरी लाज बाळग! पोटच्या पोराच्या नावावर भाव चढवतेस? सगळ्या गल्लीला रडवलंस आणि इथं खिळ्यावर ताजे नान अडकवतेस? जावलोनचा नान कुठाय?"

तिने मांडीजवळच्या पांढऱ्या फडक्याच्या पुरचुंडीवर हात ठेवला. "हा इथं. मी जाईन तिथं येईल माझ्याबरोबर. पोरगा आईला हुडकत येईल, भिंतीला नाही."

"जाईन म्हणजे?"

"सही केली सकाळी. तुम्हा सगळ्यांचा जो दर, तोच माझा. त्या माणसाला पटेचना. जास्त का मागत नाही, म्हणून तीनतीनदा विचारत बसला. त्यातच पाऊण तास गेला." ती पुढच्या गाठोड्याकडे वळली. "काल तुमची सून पोटावर हात ठेवून रडत होती इथं. सासऱ्यांना सांगू नका म्हणाली. रागावू नका तिला."

 मेल्याहून मेल्यासारखं झालं तुर्गुन-अकाला. कुठंतरी बघायचं म्हणून त्याने पुन्हा खिळ्याकडे पाहिलं. नानच्या कडेला एक चावा होता. लहानसा, वेडावाकडा, पुढचे दात नसलेल्या माणसाने घेतल्यासारखा.

"मग हा... हा कुणाचा?"

सोलिहा-ओपाने गोधडीची गाठ आवळली. "सोमवारी भिंती पाडायला येतील म्हणाला तो. तोवर राहू दे तिथं." मग तिने वर पाहिलं. "घर सोडून जाणारा चावा घेतो ना, तुर्गुन-अका? या वेळी मी घेतला."