झोपमोड

“पप्पा, झोप झाली तुमची?”

मिथुन डोळे चोळत खोलीबाहेर आला, तेव्हा किमया उंबऱ्याशी बसली होती. डावा हात मांडीवर, त्याला टॉवेल गुंडाळलेला. दुपारचे साडेतीन वाजले होते. झोप झाली असं त्याने सांगितल्यावर ती नऊ वर्षांची पोर हळूच म्हणाली, “मग माझा हात बघा ना.” त्याने टॉवेल सोडला. मनगटाच्या वर हात चक्क वाकडा झाला होता.

कासूहून रिक्षा करून त्याने तिला पेणला नेलं. डॉक्टरीणबाई वयाने तरुण, पण बोलायला खमक्या होत्या. प्लास्टर घालता घालता त्यांनी विचारलं, “कधी पडलीस बाळा?”

“सकाळी अकराला. धुण्याच्या दगडावरनं घसरले.”

“आणि रडलीसुद्धा नाहीस?”

उत्तर मिथुननेच दिलं, तेही छाती फुगवून. “नाय रडत ती. लय गुणी हाय, डॉक्टर. दिवसभर घरात हाय का नाय, कळत पन नाय.”

बाईंनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. “म्हणजे इतके तास ही मोडका हात घेऊन बसून होती. घरी कुणी नव्हतं?”

मिथुनची फुगलेली छाती जागच्या जागी बसली.

“मी व्हतो,” तो म्हणाला.

डोलवीला कंपनीत तो क्रेन चालवायचा. शिफ्ट बहुतेक रात्रपाळीची. सकाळी घरी येऊन तो झोपायचा आणि सारं घर त्याची झोप जपायचं. कुकरची शिट्टी व्हायच्या आत त्याची बायको मालू गॅस बंद करायची. टीव्ही चालू असायचा, आवाज नसायचा. किमया तर पावलं टाकायला शिकली तीच चवड्यांवर. या सगळ्याला नवरा-बायको ‘चांगलं वळण’ म्हणत. मालू पेणला पापड लाटायला जायची, तिथल्या बायकांना कौतुकाने सांगायची, माझी पोरगी एका शब्दाने त्रास देत नाही. देणार कशी? तिचा शब्द ऐकायला घरात कुणी जागं होतं कुठे?

परतताना रिक्षात मिथुनने बजावलं, “यापुढं काय बी झालं तरी मला उठवायचं. कळलं?”

“बरं,” किमया म्हणाली. आणि चौथ्या दिवशी प्लास्टरबाहेरची बोटं सुजून टम्म झाली, तेव्हा पुन्हा त्याच उंबऱ्याशी त्याची झोप पुरी व्हायची वाट बघत बसली.

मिथुन हादरला. त्याला स्वतःची लाजही वाटली. नऊ वर्षं पोरीला गप्प बसवलं आणि आता एका हुकमाने ती बोलती व्हावी, अशी त्याची अपेक्षा होती. मालूला तर त्या दिवशी जेवण गेलं नाही. “आपणच केलं हे,” एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मिथुनने पलंग आतल्या खोलीतून पुढच्या पडवीत आणला. मालूने कुकरला खुशाल शिट्ट्या करू दिल्या. शिफ्टला निघायच्या आधी तो रोज अर्धा तास मोबाइल बाजूला ठेवून किमयाजवळ बसू लागला. पहिले दोन दिवस फजितीच झाली. अभ्यास आणि जेवण सोडलं तर पोटच्या पोरीला विचारायचं काय, हे त्याला सुचेना. तिलाही सांगायची सवय नव्हती. दोघं आपले शेजारच्या कोंबड्या बघत बसायचे. तिसऱ्या दिवशी त्याने आपलंच सांगायला घेतलं.

“पयल्यांदा क्रेनवर चढलो ना, तवा माझे पाय लटलट कापत व्हते.”

किमयाने मान वर केली. “तुम्ही घाबरलेलात?”

“लय.”

“मग कुणाला सांगितलंत?”

“नाय.”

“का?”

पोरीने ओळीने तीन प्रश्न विचारले होते. त्या दिवशी तो मोटरसायकलवर गाणं गुणगुणत कंपनीत गेला.

सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं. हात छान जुळला. आता ती शाळेतलं थोडंफार सांगायची, मैत्रिणींच्या खोड्याही सांगायची, पण तो जागा असेल तेव्हाच. पायात काटा मोडला तरी ओठ आवळून थांबायची. मिथुनने चिकाटी सोडली नाही. रोजचा अर्धा तास त्याने एकदाही चुकवला नाही.

मग एका रविवारी, दुपारी बाराच्या सुमाराला, त्याला गाढ झोप लागलेली असताना खांद्याला एक बोट लागलं. थांबलं. पुन्हा लागलं, या वेळी जरा जोरात.

“किमया!” स्वयंपाकघरातून मालूने सवयीने दबक्या आवाजात दटावलं. “पप्पा झोपलेत ना!”

बोट मागे गेलं. डोळे नीट उघडायच्या आतच मिथुनने हात पुढे करून ते धरलं आणि तो उठून बसला.

“काय झालं गो? पडलीस?”

“नाय.”

“दुखतंय कुठं?”

“नाय.”

“मग?”

किमयाने एकदा स्वयंपाकघराकडे पाहिलं, एकदा बापाकडे. बोट तिने सोडवून घेतलं नाही.

“मला करमत नाय,” ती म्हणाली. चांगली मोठ्याने.

मिथुनची उरलीसुरली झोप पार उडाली. शर्यतीत आपलीच बैलजोडी पहिली आल्यासारखा तो ओरडला, इतक्या जोरात की आळीतली माणसं दारात आली:

“मालू, ऐकलंस काय गो? आपल्या पोरीला करमत नाय!”