आईने पाहिलेली चर्चा

टीव्हीच्या कोपऱ्यातल्या चौकटीत उभी राहून ती ऐकू न येणाऱ्यांसाठी खुणांच्या भाषेत बोलायची. आज सरकारी शाळांवरच्या चर्चेत देशातल्या दोन मोठ्या पक्षांचे पुढारी एकमेकांवर असे तुटून पडले, की त्या आरडाओरड्यात दोघांचं म्हणणं पकडताना तिच्या नाकी नऊ आले.

घरी आली, तर जन्मापासून ऐकू न येणारी आई कधी नव्हे ती खुशीत.

"मत कुणाला द्यायचं ते ठरलं वाटतं?" लेकीने खुणेने विचारलं.

आईचे हात भराभर हलले. "कुणालाही दिलं तरी चालेल! मी तुझ्याच हातांकडे बघत होते. दोघंही म्हणाले, आधी शिक्षक भरा, मग गळकी छपरं बदला."

मग छातीवर हात ठेवून आईने निवांत खूण केली,

"एकदाचं पटलं बाई त्यांचं!"