खालच्या घाटाचं उत्तर

धरणाखाली, नदीच्या कोरड्या पात्रातल्या धुण्याच्या दगडावर सुमती टिपरे मांडी घालून बसली होती. धरणाच्या भिंतीवरून तिथले अधिकारी दळवीसाहेब फोनवर ओरडत होते, "अहो मॅडम, आत्ता पाणी सुटेल. उठा तिथून!"

धरणाची दारं आता माणसं उघडत नव्हती. प्रत्येक दाराचा, प्रत्येक घाटाचा एकेक संगणकी दूत होता आणि ते आपसात बोलून पाणी सोडत. त्यांचा आराखडा सुमतीचाच. तिचे वडील इथले चौकीदार, खालून "सोडा हो!" अशी हाक आल्याशिवाय त्यांनी दाराच्या चाकाला कधी हात लावला नाही. तीच रीत तिने आराखड्यात घातली होती. पण तो ज्या प्रणालीवर चढवला, तिला वाट बघणं ठाऊकच नव्हतं. अर्ध्या मिनिटात उत्तर आलं नाही, की ती होकार धरून मोकळी व्हायची. याबद्दलची सुमतीची तीन पत्रं साहेबांनी नुसती फाईलला लावून ठेवली होती.

घाटावरच्या भोंग्यातून दूत बोलला, "खाली कुणी आहे का?"

"आहे म्हणा ना, बाई! दार थांबेल!" साहेब काकुळतीला आले.

"धुणं आपटणाऱ्या बाईला भोंगा ऐकू येत नाही, साहेब. आज मलाही येत नाही. दार अडवायचं चाक तुमच्या शेजारीच आहे."

तिने फोन बंद केला.

साहेब धावले. दोन्ही हातांनी चाक आवळून धरत, घसा फुटेस्तोवर त्यांनी हाक मारली, "खाली कुणी आहे का?"

"आहे!" सुमती दगडावरूनच ओरडली. "आणि प्रणाली बदलेपर्यंत रोज असणार आहे!"